हिंद महासागरातील बेटे आणि त्यांचे जुने राज्यकर्ते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला फिरायला निघालेले पर्यटक, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि चागोसची बातमी वाचून गोंधळलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विषयाची व्याप्ती हिंद महासागराच्या नैर्ऋत्य भागातील उष्णकटिबंधीय बेटांपुरती ठेवली आहे. कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातील बेटांचा उल्लेख आवश्यक तेथेच येईल.

१. या भागात कोणकोणती बेटे आहेत आणि आज ती कोणाकडे आहेत?

मॉरिशस (१९६८), कोमोरोस (१९७५) आणि सेशेल्स (१९७६) ही स्वतंत्र राष्ट्रे आहेत. पहिले आणि तिसरे ब्रिटनकडून स्वतंत्र झाले, मधले फ्रान्सकडून. रियुनियन आणि मायोत ही दोन बेटे मात्र आजही फ्रान्सचा भाग आहेत, आणि तेही अंकित प्रदेश म्हणून नव्हे, तर पॅरिसच्या आसपासच्या जिल्ह्यांप्रमाणेच प्रजासत्ताकाचे पूर्ण जिल्हे म्हणून. चागोस द्वीपसमूह ब्रिटनने १९६५ पासून 'ब्रिटिश हिंद महासागर प्रदेश' या नावाने स्वतःकडे ठेवला आणि त्यातील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. याखेरीज मादागास्करच्या भोवती विखुरलेली काही निर्जन बेटे फ्रान्सच्या ताब्यात आहेत, त्यांच्याविषयी प्रश्न १५ पाहावा. 'स्वतंत्र' आणि 'गुलाम' अशा दोनच रकान्यांत ही बेटे बसवायला गेले की पहिल्याच बेटापाशी अडायला होते. पुढील बहुतेक प्रश्न या अडचणीतूनच निघालेले आहेत.

२. मॉरिशस आणि रियुनियन शेजारी आहेत, तरी एक स्वतंत्र आणि दुसरे फ्रान्समध्ये, असे का?

दोन्ही बेटे अठराव्या शतकात फ्रेंचांकडे होती. मॉरिशसवर त्याआधी डच येऊन गेले होते. बेटाचे नाव त्यांनी दिलेले आहे, पण १७१० मध्ये ते बेट सोडून निघून गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्यावर हक्क सांगितला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात ब्रिटिशांनी १८१० मध्ये दोन्ही बेटे जिंकली. १८१४ च्या पॅरिस तहात मॉरिशस आणि त्याला जोडलेली रॉद्रिग्ज, सेशेल्स व इतर बेटे ब्रिटनने ठेवून घेतली आणि रियुनियन फ्रान्सला परत केले. मॉरिशसच्या पोर्ट लुईला आरमार ठेवता येईल असे बंदर होते आणि रियुनियनला तसे नैसर्गिक बंदर नव्हते, एवढ्या साध्या हिशेबावर आजच्या दोन समाजांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बेटावरच्या कोणाला विचारण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता.

गमतीचा भाग असा की ब्रिटिशांनी शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे मान्य केले. परिणामी दीडशेहून अधिक वर्षे ब्रिटिश अमलाखाली राहूनही मॉरिशसचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला, आणि तेथील वर्तमानपत्रे आजही मुख्यतः फ्रेंचमध्येच निघतात.

३. रियुनियन ही फ्रान्सची वसाहत आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

कायद्याच्या दृष्टीने नाही. १९ मार्च १९४६ च्या कायद्याने रियुनियन, मार्तिनिक, ग्वादलूप आणि फ्रेंच गयाना या चार 'जुन्या वसाहती' फ्रान्सचे जिल्हे झाल्या. तेथील मतदार फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला मत देतात, पॅरिसच्या संसदेत आपले प्रतिनिधी पाठवतात आणि युरोपीय संसदेसाठीही मतदान करतात. चलन युरो आहे. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा आणि नाणी वापरात आली तेव्हा घड्याळ पुढे असल्यामुळे मध्यरात्र आधी रियुनियनमध्ये झाली, आणि नव्या पैशाने झालेली पहिली खरेदी म्हणून साँ-दनी शहरात घेतलेल्या लिचीची नोंद झाली.

येथे आपल्याकडील वाचकांचा एक समज दुरुस्त करावा लागतो. जिल्हा होण्याची मागणी साम्राज्यवाद्यांनी लादलेली नव्हती. ती डाव्या आणि वसाहतवादविरोधी नेत्यांची होती. संसदेत या कायद्याची मांडणी मार्तिनिकचे कवी-नेते एमे सेझेर यांनी केली आणि रियुनियनचे रेमों व्हर्जेस यांच्यासारखे डावे प्रतिनिधी त्यांच्यासोबत होते. साखर कारखानदार आणि गव्हर्नर यांच्या मनमानीतून सुटायचे असेल तर फ्रेंच मजुराला मिळणारे सगळे हक्क मिळवावेत, असा त्यांचा विचार होता. हे हक्क पूर्णपणे पदरात पडायला मात्र अनेक दशके गेली. त्या निराशेतून रियुनियनच्या कम्युनिस्ट पक्षाने १९५९ मध्ये स्थापनेपासूनच स्वायत्ततेची मागणी लावून धरली, आणि त्याचे नेते पॉल व्हर्जेस हे रेमों यांचेच पुत्र होते.

४. मग रियुनियनच्या लोकांना स्वातंत्र्य नकोच आहे का?

स्वातंत्र्याची मागणी करणारे गट आहेत, पण निवडणुकीत त्यांचा प्रभाव नगण्य आहे. याचे मुख्य कारण आर्थिक आहे. बेकारी मुख्य भूमीपेक्षा बरीच जास्त आहे, परंतु फ्रेंच दर्जाचे निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा आणि बेकारभत्ता यांमुळे शेजारच्या कोणत्याही बेटापेक्षा राहणीमान वरचे आहे. सरकारी नोकरांना मुख्य भूमीवरील पगारापेक्षा सुमारे ५३ टक्के जास्त मिळते. दुसऱ्या बाजूला बहुतेक माल आयात होतो, त्यावर 'सागरी जकात' लागते आणि किराणा मालाचे भाव लोकांना सतत टोचतात. रस्त्यावरचा संताप महागाईवरून उसळतो, झेंड्यावरून क्वचितच.

याचा अर्थ सारे काही गोडीगुलाबीचे आहे असा नव्हे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रियुनियनमधील दोन हजारांहून अधिक मुले सरकारी यंत्रणेने उचलून मुख्य फ्रान्समधील ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागांत नेली. अनेक पालकांना मुले सुट्टीत घरी येतील असे सांगितले गेले होते. त्यातली कित्येक कधीच परतली नाहीत आणि काहींना शेतावर फुकट राबावे लागले. क्रूझ या भागात पुष्कळ जण पाठवले गेल्यामुळे त्यांना 'क्रूझची मुले' म्हणतात. फ्रान्सच्या संसदेने १८ फेब्रुवारी २०१४ रोजी ठराव करून राज्याची नैतिक जबाबदारी मान्य केली. कायद्याने बरोबरीचा नागरिक असलेल्या माणसाशी असे वागता येते, हे रियुनियनमध्ये अजून विसरले गेलेले नाही.

५. मॉरिशसमध्ये तरी स्वातंत्र्य सर्वांनाच हवे होते ना?

नाही. स्वातंत्र्यासाठी वेगळे सार्वमत घेतलेच नाही. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक त्याच प्रश्नावर लढली गेली. शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीला सुमारे ५६ टक्के मते मिळाली. गाएताँ द्युवाल यांचा पक्ष ब्रिटनशी संलग्न राहावे असे म्हणत होता, त्याला सुमारे ४४ टक्के मिळाली. हिंदूबहुल सत्तेची धास्ती घेतलेल्या क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी व मिश्र वंशाच्या) आणि युरोपीय वंशाच्या मतदारांचा त्यात मोठा वाटा होता. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि पुढील काही वर्षांत अनेक कुटुंबे ऑस्ट्रेलिया व युरोपकडे निघून गेली.

आर्थिक नाळ तरीही तुटली नाही. युरोपीय समुदाय आणि माजी वसाहती यांच्यातील १९७५ च्या लोमे करारासोबतच्या साखर संधीनुसार युरोपीय समुदाय मॉरिशसची दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर बहुधा जागतिक बाजारापेक्षा चढ्या, ठरलेल्या भावाने घेत असे. त्या पैशातून कापड उद्योग आणि हॉटेले उभी राहिली. ही सवलत २००९ मध्ये संपली. मॉरिशसच्या यशाचे श्रेय तेथील लोकांच्या कष्टांना आणि राज्यकर्त्यांच्या धोरणाला देताना या चढ्या भावाचा हिशेब अनेकदा गाळला जातो.

६. मॉरिशस प्रजासत्ताक असूनही शेवटचे अपील लंडनला का जाते?

१९९२ मध्ये प्रजासत्ताक होताना ब्रिटनच्या राणीचे स्थान गेले, पण प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती हे अंतिम अपील न्यायालय म्हणून कायम ठेवले गेले. हा निर्णय मॉरिशसचा स्वतःचा आहे आणि घटनादुरुस्ती करून तो कधीही बदलता येईल. छोट्या देशात न्यायाधीश, वकील आणि राजकारणी एकमेकांच्या नात्यागोत्यातले निघतात, तेव्हा दूरचे न्यायपीठ निःपक्ष वाटते, असे समर्थक म्हणतात. एप्रिल २००८ मध्ये ही समिती स्वतः मॉरिशसला जाऊन बसली होती. ज्या देशाशी चागोसवरून (प्रश्न ८ पाहावा) भांडण चालले होते त्याच देशातील न्यायमूर्तींवर हा विश्वास टाकला जात होता, हे येथे लक्षात ठेवावे.

७. मॉरिशसमधील मराठी लोक या कहाणीत कुठे बसतात?

गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. बहुसंख्य बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातून कलकत्ता बंदरामार्गे गेले, तमीळ आणि तेलुगू मद्रासहून, आणि मराठी मजूर मुंबई बंदरातून. त्यांत रत्नागिरीकडच्या कोकणपट्टीतले पुष्कळ होते. पोर्ट लुईमधील ज्या धक्क्यावर ते उतरले त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या दगडी पायऱ्या आजही पाहता येतात.

मराठी हा तेथील भारतीय वंशीयांतला लहान गट आहे. घरातली बोली बहुतेकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून बनलेली स्थानिक भाषा, झाली आहे. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. रियुनियनमध्येही भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, पण ते मुख्यतः तमीळ मुळाचे असून त्यांना 'मलबार' म्हणतात. फ्रेंच प्रजासत्ताक धर्म किंवा वंशानुसार नागरिकांची मोजदाद करत नाही, त्यामुळे मॉरिशसमध्ये घटनेत आणि निवडणूक पद्धतीत ज्यांना समाज म्हणून स्थान आहे, त्यांच्याच नातलगांना समुद्रापलीकडे अशी अधिकृत ओळख नाही.

८. चागोस मॉरिशसपासून वेगळे केव्हा आणि कसे झाले?

१८१४ पासून चागोसचा कारभार मॉरिशसमधून चालत असे. १९६० च्या दशकात अमेरिकेला हिंद महासागरात तळ हवा होता आणि त्यासाठी लोकवस्ती नसलेले, राजकीय कटकट नसलेले बेट हवे होते. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांची वेगळी भेट घेतली. त्या भेटीपूर्वी विल्सन यांना दिलेल्या टिपणात आशा आणि धाक या दोहोंचा वापर करावा, म्हणजे स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि ते कदाचित मिळणार नाही हा धाक, असे सुचवलेले आहे. मॉरिशसच्या प्रतिनिधींनी संमती दिली. ३० लाख पौंड ठरले आणि ८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस वेगळे काढले गेले.

त्याच दिवशी सेशेल्सकडून आल्डाब्रा, फारकुहार आणि देरोश ही बेटेही काढून याच नव्या प्रदेशात घातली होती. सेशेल्स १९७६ मध्ये स्वतंत्र होताना ती तिन्ही परत मिळाली. म्हणजे इच्छा असेल तर बेटे परत करता येतात, हे ब्रिटनने स्वतःच दाखवून दिले होते. फरक एवढाच की तळ त्या तीन बेटांवर नव्हता.

९. चागोसच्या रहिवाशांचे काय झाले?

तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नारळाच्या मळ्यांवर काम करणारी वस्ती होती. ते पूर्वी मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे, आणि काही प्रमाणात भारतीय मजुरांचे वंशज होते. त्यांना 'कायम रहिवासी' मानले तर संयुक्त राष्ट्रांत जाब द्यावा लागला असता, म्हणून ते तात्पुरते कंत्राटी मजूर आहेत असे दाखवायचे ठरले. १९६६ च्या एका अंतर्गत शेऱ्यात ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांचा उल्लेख 'काही टार्झन आणि मॅन फ्रायडे' (रॉबिन्सन क्रूसोच्या कथेतला नोकर) असा केला आहे.

उपचारांसाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना १९६८ पासून परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. दिएगो गार्सिया १९७१ मध्ये, सालोमन १९७२ मध्ये आणि पेरोस बान्योस १९७३ मध्ये रिकामे केले. दिएगो गार्सियावरून लोकांना हलवताना त्यांचे पाळीव कुत्रे गोळा करून मारले गेले. सुमारे दीड ते दोन हजार लोक पोर्ट लुईच्या झोपडवस्त्यांत आणि सेशेल्समध्ये येऊन पडले. १९८२ मध्ये ब्रिटनने ४० लाख पौंड भरपाई दिली, ती परतीचा हक्क सोडण्याच्या कागदांवर अंगठे घेऊन. सही करणाऱ्यांपैकी कित्येकांना इंग्रजी वाचता येत नव्हते.

पेरोस बान्योसवर जन्मलेले ऑलिव्हिए बँकूल यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात २००० मध्ये खटला जिंकला. २००४ मध्ये सरकारने संसदेला बाजूला ठेवून राणीच्या विशेषाधिकारातून आदेश काढला आणि परतीचा हक्क पुन्हा काढून घेतला. २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो आदेश उचलून धरला.

१०. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला होता, मग ब्रिटनने लगेच बेटे का सोडली नाहीत?

कारण तो निकाल नव्हता, सल्लागार मत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रश्न विचारला आणि न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी तेरा विरुद्ध एक अशा बहुमताने उत्तर दिले : चागोस वेगळे करणे हे लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेले नव्हते, त्यामुळे मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही, आणि ब्रिटनने तेथील प्रशासन लवकरात लवकर संपवावे. असे मत बंधनकारक नसते. मात्र त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांची मुदत दिली, आणि २०२१ मध्ये सागरी कायद्याच्या लवादानेही सार्वभौमत्व मॉरिशसचेच धरून पुढचे काम केले. एकामागून एक दारे बंद होत गेल्यावर ब्रिटन २०२२ मध्ये वाटाघाटींना बसले.

२२ मे २०२५ रोजी झालेल्या करारानुसार संपूर्ण चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे जावे आणि दिएगो गार्सिया ब्रिटनने ९९ वर्षांच्या मुदतीने, वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड देऊन वापरावे, असे ठरले. करारावर सही होणे आणि तो अमलात येणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे केवळ सहीच्या तारखेवरून बेटे हस्तांतरित झाली असे परीक्षेत लिहू नये.

११. मॉरिशसला बेटे मिळणार असतील तर काही चागोसवासी विरोध का करतात?

कारण वाटाघाटी दोन सरकारांत झाल्या आणि चागोसवासीयांना टेबलावर जागा नव्हती. करारात त्यांच्यासाठी चार कोटी पौंडांचा निधी आहे आणि इतर बेटांवर पुन्हा वस्ती करण्याची मुभा मॉरिशसला आहे, पण दिएगो गार्सियावर राहायला जाण्याची नाही. बँकूल यांच्या संघटनेने कराराचे स्वागत केले. ब्रिटनमधील, विशेषतः गॅटविक विमानतळाशेजारच्या क्रॉली शहरातील अनेकांना मात्र मॉरिशसचे राज्य नको आहे, कारण त्या देशात निर्वासित म्हणून त्यांना जी वागणूक मिळाली ती त्यांनी अनुभवली आहे. दोन्ही गट विस्थापितांचेच आहेत, आणि त्यांपैकी एकालाच 'खरे' चागोसवासी ठरवणे अन्यायाचे होईल.

१२. मायोत कोमोरोस द्वीपसमूहात असूनही फ्रान्समध्ये कसे?

फ्रान्सने मायोत १८४१ मध्ये तेथील सुलतान आंद्रियांत्सोली याच्याकडून विकत घेतले. ग्रँड कोमोर, मोहेली आणि अंजुआन ही बेटे त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने फ्रेंच संरक्षणाखाली आली. वसाहतीची राजधानी आधी मायोतमध्ये होती. ती ग्रँड कोमोरवरील मोरोनीला हलवल्यावर मायोतमधील नोकऱ्या आणि वर्दळ गेली आणि तेथे नाराजी पेटली. त्या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या, कारण पुरुष कामासाठी बाहेर आणि घरी चूल सांभाळणाऱ्यांच्या पदरी टंचाई, अशी स्थिती होती. मोरोनीहून आलेल्या मंत्र्याला गाठायचे, घेरायचे आणि तो पळून जाईपर्यंत गुदगुल्या करायच्या, ही त्यांची पद्धत. त्यांना 'गुदगुल्या करणाऱ्या बायका' असेच नाव पडले आणि झेना म्देरे त्यांच्या पुढारी होत्या. पोलिसांनी गुन्हा तरी कोणता नोंदवायचा?

२२ डिसेंबर १९७४ च्या सार्वमतात चार बेटे मिळून सुमारे ९५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. एकट्या मायोतमध्ये सुमारे ६४ टक्के मते विरोधात होती. फ्रान्सच्या संसदेने मग प्रत्येक बेटाचा कौल वेगळा धरायचे ठरवले. त्यावर ६ जुलै १९७५ ला कोमोरोसने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मायोतने ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी फ्रान्समध्ये राहण्याचा कौल दिला. २००९ च्या सार्वमतानंतर ३१ मार्च २०११ रोजी मायोत फ्रान्सचा १०१ वा जिल्हा झाला.

१३. चागोस तोडणे चूक असेल तर मायोत ठेवणे बरोबर कसे?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. वसाहत जशी होती तशी अखंड स्वतंत्र व्हावी, राज्यकर्त्याने जाता जाता तिचे तुकडे पाडू नयेत, हे तत्त्व आमसभेच्या १९६० च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावात आहे. चागोसच्या बाबतीत न्यायालयाने तेच लावले. हेच तत्त्व लावले तर कोमोरोसचा मायोतवरील दावा पक्का ठरतो, आणि आमसभेने १९७६ मध्ये फ्रान्सचा निषेध करताना हेच म्हटले. त्याच वर्षी सुरक्षा परिषदेतला ठराव फ्रान्सने नकाराधिकार वापरून पाडला होता.

तरीही दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजता येत नाहीत, असे आमचे मत आहे. मायोतच्या लोकांना वारंवार विचारले गेले आणि त्यांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिले. चागोसच्या लोकांना कोणीही, कधीही विचारले नाही. मात्र त्या मतदानाचा घटक कोणता, चार बेटे मिळून की एकेक बेट, हे मतमोजणी झाल्यानंतर फ्रान्सने ठरवले, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. निवडणुकीत मतदारसंघाच्या सीमा निकाल पाहून आखाव्यात, तसे हे झाले.

१४. मग कोमोरोसमधील दुसऱ्या एखाद्या बेटाला फ्रान्समध्ये परत जायचे असेल तर?

असे झाले आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये अंजुआनने कोमोरोसपासून फुटून फ्रान्सकडे परत घेण्याची मागणी केली. रस्त्यांवर फ्रेंच झेंडे फडकले. बंडे, उठाव आणि बॉब देनारसारख्या फ्रेंच भाडोत्री सैनिकांच्या कारवाया यांनी कोमोरोस पोखरून निघाला होता, आणि केवळ ७० किलोमीटरवर मायोतमधील शाळा व दवाखाने दिसत होते. पॅरिसने साफ नकार दिला आणि कोमोरोसच्या अखंडतेचा दाखला दिला. लोकांच्या इच्छेचा जो आधार मायोतसाठी पुरेसा होता तो अंजुआनसाठी पुरला नाही. बेटांना अधिक स्वायत्तता देणारी नवी घटना २००१ मध्ये आली. त्यानंतरही अंजुआनच्या अध्यक्षाने केंद्राला जुमानले नाही, तेव्हा मार्च २००८ मध्ये आफ्रिकी संघाच्या मदतीने सैन्य उतरवून त्याला हटवावे लागले.

आज अंजुआनहून मायोतला जायला लहान होड्यांखेरीज बहुतेकांना मार्ग नाही, कारण १९९५ पासून कोमोरोसच्या नागरिकांना व्हिसा लागतो. या प्रवासात हजारो लोक बुडाले आहेत. मायोतमध्येही सुबत्ता नाही. तेथील सुमारे ७७ टक्के लोक फ्रान्सच्या दारिद्र्यरेषेखाली असल्याचे सरकारी पाहणीत आढळले होते, आणि १४ डिसेंबर २०२४ च्या चिडो चक्रीवादळात पत्र्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. प्रजासत्ताक अविभाज्य असल्याचे सांगणाऱ्या फ्रान्सने जन्मामुळे मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या अटी मात्र २०१८ मध्ये फक्त मायोतपुरत्या कडक केल्या आणि २०२५ मध्ये त्या आणखी आवळल्या.

१५. माणूस राहत नाही अशा बेटांवरून भांडण कशाला?

समुद्रासाठी. एका बेटाभोवती २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र (तेथील मासे आणि खनिजे यांवर हक्क देणारे) मागता येते, आणि फ्रान्सचे असे क्षेत्र सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग समुद्रापारच्या प्रदेशांमुळे आहे. मादागास्कर २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाले, त्याआधी १ एप्रिलला फ्रान्सने ग्लोरिओसो, हुआन द नोव्हा, युरोपा आणि बासास द इंडिया ही बेटे त्यापासून वेगळी काढली. पद्धत प्रश्न ८ मधल्यासारखीच, पाच वर्षे आधीची.

फ्रान्सच्याच ताब्यातले त्रोमलँ हे जेमतेम एक चौरस किलोमीटरचे बेट मात्र मॉरिशस मागतो. १८१४ च्या तहात नावे घेतलेली बेटे तेवढीच ब्रिटनला गेली की ती उदाहरणादाखल होती, यावर हा वाद आहे. २०१० मध्ये संयुक्त व्यवस्थापनाचा करार झाला, पण फ्रान्सच्या संसदेत विरोध झाल्याने तो मंजूर झाला नाही. या वाळूच्या ठिपक्यावर १७६१ मध्ये 'युतील' नावाचे जहाज फुटले. फ्रेंच खलाशी लाकडे जोडून केलेल्या नावेतून निघून गेले आणि बेकायदा आणलेल्या मादागास्करच्या सुमारे साठ गुलामांना परत येण्याचे वचन देऊन मागे ठेवले. पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, जहाज पोहोचले तेव्हा सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक मूल जिवंत होते. ज्या अधिकाऱ्याने त्यांना सोडवले त्याचे नाव बेटाला मिळाले.

१६. या सगळ्यात भारत कोणाच्या बाजूने आहे?

चागोसच्या प्रश्नावर भारताने सातत्याने मॉरिशसची बाजू घेतली आणि २०१९ मध्ये आमसभेत तसे मत दिले. त्याच वेळी अमेरिकेच्या तळाला भारताचा पूर्वीसारखा विरोध उरलेला नाही. १९७० च्या दशकात 'हिंद महासागर शांतताक्षेत्र' ही घोषणा होती, आज फ्रान्ससोबत रियुनियनहून संयुक्त सागरी टेहळणी होते. मॉरिशसच्या आगालेगा बेटांवर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि जेटीचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ ला झाले. तो लष्करी तळ नसल्याचे दोन्ही सरकारे सांगतात. तेथील काही रहिवाशांना मात्र चागोसची आठवण होते, आणि ती अनाठायी ठरवण्याची जबाबदारी आता पोर्ट लुई आणि दिल्ली या दोघांवर आहे.

१७. माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे. मॉरिशसहून रियुनियनला जाऊन येता येईल का?

तसे गृहीत धरू नये. रियुनियन आणि मायोत युरोपीय संघात आहेत, पण शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत, त्यामुळे फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांचे नियम स्वतंत्र लागू होतात. तिकीट काढण्यापूर्वी फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर भारतीय पारपत्रासाठीची चालू अट पाहावी. मॉरिशसमध्ये भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर प्रवेश मिळतो.

१८. चागोस मॉरिशसला गेले तर '.आयओ' संकेतस्थळांचे काय होईल?

ही दोन अक्षरे ब्रिटिश हिंद महासागर प्रदेशासाठी दिलेली होती, आणि संगणक क्षेत्रात त्यांना वेगळाच अर्थ (इनपुट/आउटपुट) असल्यामुळे जगभरच्या नवउद्योगांनी ती उचलली. देशांच्या संकेताक्षरांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून एखादे नाव निघाले की त्याचे संकेतस्थळ-नाव साधारण पाच वर्षांच्या मुदतीत बंद करण्याचा नियम आहे. युगोस्लाव्हियाचे '.वाययू' त्याप्रमाणे २०१० मध्ये बंद झाले. सोव्हिएत संघाचे '.एसयू' मात्र तो देश १९९१ मध्ये विसर्जित होऊनही चालूच राहिले. त्यामुळे प्रदेश गेला की नाव लगेच जाईल असे नाही, तथापि नव्या उद्योगासाठी नाव निवडणाऱ्याने ही शक्यता हिशेबात धरून पर्यायी नावही नोंदवून ठेवावे.